धडक बसलेल्या कुत्र्याला दवाखान्यात नेईपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात रात्री दहाच्या सुमारास मोटारीची धडक बसून गल्लीतलं कुत्रं पडलंय. मागचा एक पाय लोंबतोय, मांडीतून रक्त येतंय, जवळ गेलं की गुरगुरतं. डॉक्टर मिळायला तास-दीड तास लागेल. तोवर काय करायचं? हळद भरू का, दुखण्याची गोळी देऊ का, पाणी पाजू का, असंही विचारलंय.

शेवटच्या तिन्हींना उत्तर एकच: नको. कारणं पुढे येतील. जखमी कुत्र्याचं पहिल्या तासाभरात जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं गाडीने केलेलं नसतं, ते माणसांनी उचलताना, ओतताना आणि पाजताना केलेलं असतं. म्हणून क्रम सोडायचा नाही. आधी स्वतःचा जीव, मग त्याचा श्वास, मग रक्त, मग उचलणं. जखम धुणं आणि पाय बांधणं त्यानंतर, तेही वेळ उरला तर.

कुत्रं गल्लीत नसून विजापूर रोडला किंवा बाळ्याच्या बाजूला हायवेवर पडलं असेल तर एकाने पन्नासेक पावलं मागे मोबाइलचा टॉर्च हलवत उभं राहायचं. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात आणि भरलेली ट्रॉली ऐनवेळी थांबत नाही. वाकून कुत्रं बघणारा माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही.

जवळ जाण्याआधी दोन हात लांबूनच अर्धा मिनिट बघा. खालचा जबडा लोंबतोय, लाळ सारखी गळतेय, आवाज घोगरा झालाय, हवेतच चावे घेतंय किंवा अपघाताआधीपासून झोकांड्या खात होतं असं कुणी सांगितलं, तर हात लावू नका. अपघात झालाय म्हणजे रेबीज नाही, असं होत नाही. पिसाळलेलं कुत्रं तोल जाऊनही गाडीखाली येतं. अशा वेळी लोकांना लांब ठेवायचं आणि महापालिकेच्या श्वानपथकाला कळवायचं.

नुसतं गुरगुरत असेल तर ते घाबरलंय आणि दुखतंय. रोज तुमच्या हातची भाकरी खाणारं कुत्रंही मोडलेल्या हाडाला धक्का लागला की चावतं. त्यात राग धरण्यासारखं काही नाही. समोरून जाऊ नका, बाजूने बसत-बसत जा, डोळ्यांत डोळे घालून बघू नका, आणि डोक्यावर सावकाश चादर टाका. अंधार झाला की बरीच कुत्री तिथेच गप्प होतात. मग मुसकं बांधायचं. बैलाला बांधतात तेच, फक्त कापडाचं.

त्यासाठी दोन बोटं रुंद आणि साधारण चार फूट लांब पट्टी लागते. जुनी सुती ओढणी फाडली तर उत्तम, बँडेजची पट्टीही चालते. नायलॉनची दोरी नको, ती कातडी कापते. पट्टीच्या मध्यावर एक साधी गाठ अर्धवट मारून मोठा फास ठेवा. कुत्र्याच्या मानेच्या मागे राहून हा फास तोंडावर चढवा, नाक आणि डोळे यांच्या बरोबर मध्ये येईल असा, गाठ वरच्या बाजूला ठेवून आवळा. दोन्ही टोकं खाली हनुवटीशी नेऊन तिथे एक साधी गाठ. मग ती टोकं दोन्ही कानांखालून मानेमागे नेऊन सुरगाठ मारा, एका ओढीत सुटेल अशी. शेवटची सुरगाठच महत्त्वाची, कारण उलटी येते आहे असं वाटलं की क्षणात सोडावं लागतं. तोंड बांधलं की कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही, त्यामुळे उचलून गाडीत ठेवलं आणि शांत राहिलं की काढा. उलट्या करणारं, धाप लागलेलं, बेशुद्ध किंवा उन्हाने तापलेलं कुत्रं, आणि पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं, यांना मुसकं अजिबात नको. तिथे मानेभोवती जाड टॉवेलची सैल गुंडाळी करा, म्हणजे मान वळवून चावता येत नाही.

आता श्वास. छाती हलतेय का बघा. आडव्या कुत्र्याचे श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. शांत कुत्र्याचे मिनिटाला १० ते ३० असतात, भीतीने आणि दुखण्याने वाढतात. कोपरं बाहेर काढून, मान ताणून, तोंड उघडं ठेवून हवा ओढत असेल तर छातीत इजा आहे. त्याला जबरदस्तीने कुशीवर पाडू नका. ज्या स्थितीत बसलंय त्या स्थितीत राहू द्या आणि बाकी सगळं सोडून निघा.

मग हिरडी. एवढ्या एका खुणेवरून तुमच्या हातात किती वेळ आहे ते कळतं, म्हणून ही नीट शिका. ओठाची कड बाजूने उचला, समोरून नाही. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटाने दाबा, पांढरा ठिपका उमटेल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. तीन सेकंद लागले किंवा हिरडी मुळातच पांढरट, कोरडी असेल तर रक्त कुठेतरी जातंय, बाहेर दिसो वा न दिसो. निळसर असेल तर हवा पुरत नाही. विटेसारखी लालभडक असेल तर बहुतेक ऊन लागलंय. बऱ्याच गावठी कुत्र्यांची हिरडी काळी असते, मग खालची पापणी ओढून आतला रंग बघा. पांढऱ्या हिरडीबरोबर पंजे गार आणि मांडीच्या आतली नाडी जलद पण बारीक लागत असेल तर तो शॉक आहे, म्हणजे अंगाला रक्त पुरेनासं झालंय. त्या कुत्र्याची जखम धुत बसायचं नाही.

रक्ताचा हिशोब सांगतो. कुत्र्याच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. पंधरा किलोच्या कुत्र्यात झालं सव्वा लिटरच्या आसपास. त्यातलं ३०० मिली, म्हणजे चहाचे तीन कप, गेलं की कुत्रं ढासळायला लागतं. रस्त्यावर सांडलेलं रक्त मात्र नेहमी जास्त वाटतं, म्हणून थारोळ्यापेक्षा हिरडीवर विश्वास ठेवा.

रक्त थांबवायला दाब, दुसरं काही नाही. गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार सुती कापड) असेल तर गॉज, नसेल तर जुन्या धोतराची किंवा सुती साडीची चार पदरी घडी जखमेवर ठेवून तळव्याने दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं दाबूनच ठेवा. इथे सगळे चुकतात: दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून थांबलं का बघतात. बघितलं की जमलेली गुठळी कापडाबरोबर निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवा. सोलापुरात घरात टॉवेलांना तोटा नाही, पण टर्किश टॉवेल थेट जखमेवर नको, त्याचे फासे रक्तात चिकटतात आणि सोडवताना जखम उघडते. खाली पातळ सुती कापड, वरून टॉवेल.

पाच मिनिटांनी धार मंदावली की कापड तिथेच ठेवून वर कापसाचा थर आणि त्यावर क्रेप बँडेज, खालून वर, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर. कडेतून दोन बोटं जेमतेम जातील इतकं घट्ट. पायाला बांधलं तर मधली दोन बोटं उघडी ठेवा. ती सुजून फाकली किंवा गार पडली तर पट्टी फार आवळली आहे. दोरी, रबर, वायर बांधू नका. कातडीत रुतलेला रबर केसांत दिसत नाही, आणि चार दिवसांनी पाय कापायची वेळ येते. धमनी तुटून कारंज्यासारखं रक्त उडतंय आणि दाबाने थांबतच नाही, फक्त तेव्हाच जखमेच्या वर दोन इंच रुंद पट्टी आवळा, बांधल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहून ती कपाळावर लावा, आणि कुठेही न थांबता जा. कान फाटला असेल तर तो डोक्यावर पालथा घालून वरून पट्टी गुंडाळा, नाहीतर कुत्रं डोकं झटकतं आणि भिंतीभर रक्त होतं. नख तुटलं असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा मैद्याची चिमूट दाबून धरा. नाका-तोंडातून रक्त येत असेल तर नाकात काही कोंबू नका.

लोंबणाऱ्या पायाबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, आणि सगळ्यात कमी करायचं तेही इथेच. मांडीचं किंवा दंडाचं हाड मोडलं असेल तर खपच्या बांधू नका. खपची उपयोगी पडायला मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे तिच्यात यावे लागतात, आणि मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, तिथे काही बांधता येत नाही. आखूड खपची मोडलेल्या जागेवर पहारीसारखी काम करते आणि हाडाचं टोक मांसातून बाहेर काढते. पाय ओढून सरळ करण्याचा मोह आवरा. जखमी बाजू वर ठेवून आडवं करा, पायाखाली टॉवेलची गुंडाळी द्या, तेवढं पुरे. गुडघ्याच्या किंवा कोपराच्या खालचं हाड असेल आणि रस्ता लांबचा असेल, मोहोळ-अक्कलकोटकडच्या गावातून येणं असेल, तर कापसाचा जाड थर आणि त्यावर वर्तमानपत्राची घट्ट सुरळी अर्धी उघडून पायाभोवती बसवा, सैलसर बांधा. हाड बाहेर दिसत असेल तर सलाईनने भिजवलेलं गॉज झाकून ठेवा, आत ढकलू नका.

मागचे दोन्ही पाय हलत नसतील किंवा पुढचे पाय ताठ ताणलेले असतील तर मणक्याला मार लागला आहे असंच धरून चाला. बोट चिमटलं की पाय आखडतो, म्हणून लोक खूश होतात, पण तो नुसता प्रतिक्षिप्त झटका असू शकतो. कुत्र्याने वळून बघितलं किंवा ओरडलं तर खरी जाणीव आहे. ही परीक्षा डॉक्टरांवर सोपवा. पुन्हापुन्हा चिमटून काही मिळत नाही.

उचलायला सोलापुरी चादरीसारखी वस्तू नाही. जाड सुती वीण, वजनाने फाटत नाही, हातातून निसटत नाही. पण मणक्याच्या शंकेत नुसती चादर मध्ये झोळी करते, तिच्याखाली कडक काहीतरी हवंच: दिवाणाची प्लायची फळी, कपाटातला काढता कप्पा, पोळपाटापेक्षा मोठं काहीही सपाट. चादर दुहेरी करून कुत्र्याच्या पाठीला लागून पसरा. एकाने मानगुटीची आणि खांद्याची कातडी धरायची, दुसऱ्याने कमरेची, तिसऱ्याने डोक्याखाली हात, आणि 'एक, दोन, तीन' म्हणून एकाच वेळी पाठीच्या दिशेने सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. जुना वाढदिवसाचा फ्लेक्स खाली घातला तर कुत्रं त्यावर अलगद घसरतं, आणि फ्लेक्सची आपल्याकडे टंचाई नाही. मग खांद्याजवळ आणि कमरेजवळ ओढणीने फळीला बांधा, पोट आणि छाती मोकळी ठेवून. डोक्याला मार असेल तर फळीची डोक्याकडची बाजू वीतभर उंच ठेवा, मात्र मान मुडपू नका.

बाकीच्या इजा थोडक्यात. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर सलाईनने ओलं केलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा, आत घालू नका, चाटू देऊ नका. डोळा खोबणीतून बाहेर आला असेल, पगमध्ये हे सहज होतं, तर सलाईन टाकत राहा. तासाभरात पोहोचलात तर वाचण्याची आशा असते. घुसलेली सळई, लाकूड तसंच राहू द्या, ते आत रक्त अडवून धरतंय. श्वास आणि ठोके दोन्ही थांबले असतील तर उजव्या कुशीवर ठेवून छातीच्या सगळ्यात रुंद भागावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत दाब द्या. पाळीव, लस घेतलेल्या कुत्र्याला दर तीस दाबांनंतर तोंड मिटून नाकातून दोन फुंकर. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या नाकाला तोंड लावू नका, नुसते दाब द्या. अपघाताने थांबलेलं हृदय क्वचितच परत चालू होतं, हेही माहीत असू द्या.

धुणं. वेळ असेल, हिरडी गुलाबी असेल आणि रक्त थांबलं असेल तरच. जिथे दाबून रक्त थांबवलंय ती जागा धुवायची नाही, घासलेली आणि मातीने भरलेली कातडी धुवायची. औषधाच्या दुकानात मिळणारी ५०० मिली नॉर्मल सलाईनची बाटली घ्या, तोंडाला जाड सुईने भोक पाडा आणि पिळा. त्या धारेनेच डांबर-खडीची कच निघते. नंतर बीटाडीनचं द्रावण फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून, एकाला नऊ-दहा भाग सलाईन, वरून सोडा. दाट बीटाडीन, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मारतात. हळद, कॉफी, चुना आणि पांढरी पावडर यांचं दुखणं वेगळं: रक्तात मिसळून त्याची खपली होते, खाली पू साठतो, आणि डॉक्टरला आधी तुमची हळद खरवडावी लागते. तोवर टाके घालायची वेळ निघून जाते.

गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, किंवा यांची जोडगोळी असलेली कॉम्बिफ्लॅम, काहीही नाही. शॉकमध्ये मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी पडतं, त्यात यातली बहुतेक औषधं तिथला उरलेला पुरवठा तोडतात आणि जठराला व्रण पाडतात. अपघातातून वाचलेलं कुत्रं चौथ्या दिवशी लघवी बंद होऊन जातं, ते असं. मेलॉक्सिकॅम डॉक्टर देतात, पण सलाईन चढवून, वजन करून. टीटीचं इंजेक्शन द्यायचं का, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. घोड्याच्या मानाने कुत्र्याला धनुर्वात फार क्वचित होतो, त्याची घाई नाही.

पाणीही नाही, दूधही नाही. धाप लागलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. शिवाय भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. ओठ ओले करा फार तर.

हे रात्रीचं झालं. एप्रिल-मेच्या दुपारी आणखी एक काम आधी येतं. सोलापूरचा पारा ४०च्या वर गेला की डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि पडलेलं कुत्रं खालच्या बाजूने भाजत असतं. आधी सावली. गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस नेहमीचं, ४१ म्हणजे उष्माघात. नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, ३९.५ ला थांबा. बर्फाने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

जखम दोन-तीन दिवसांची असेल तर तिच्यात अळ्या झालेल्या असतात. पावसाळ्यात तर एका दिवसात होतात. बाहेर चवलीएवढं भोक आणि सडका वास, आत मात्र मुठीएवढी पोकळी. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, डांबराच्या गोळीची पूड यातलं काहीही ओतलं तर अळ्यांआधी कुत्रं विषारलं जातं, कारण ते चाटतं आणि उघडं मांस शोषून घेतं. भोवतालचे केस कापा, दिसतील त्या अळ्या बोथट चिमट्याने काढा, सलाईनने धुवा, माशी बसणार नाही असं गॉज झाका. खोल गेलेल्या अळ्या डॉक्टरच काढतील.

निघण्याआधी फोन करा. दवाखाना उघडा आहे का, एक्स-रे आहे का, रात्री शस्त्रक्रिया होते का, हे तीन प्रश्न. नाहीतर पार्क चौक ते सात रस्ता असं हिंडण्यात तास जातो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने दिवसाच्या वेळेत चालतात. १९६२ ही सरकारी फिरत्या पथकाची सेवा आहे, मुख्यतः गुराढोरांसाठी. रिक्षाच्या मागच्या सीटवर फळी बसत नाही, खाली आडवी ठेवा किंवा छोटा टेम्पो बघा. दुचाकीवर मांडीत घेऊन नेणं म्हणजे प्रत्येक गतिरोधकाला मणका वाकवणं. डॉक्टरांना सांगायला धडकेची वेळ, हिरडीचा रंग, उलटी झाली का आणि लघवी झाली का, हे लक्षात ठेवा. लघवी न होणं म्हणजे मूत्राशय फुटलेलं असू शकतं. आणि धडकेनंतर कुत्रं उठून पळालं तरी चोवीस तास नजर ठेवा. आतल्या रक्तस्रावाने पोट सावकाश फुगतं.

या सगळ्यात कुणाला दात लागला, ओरखडा आला किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ पडली, तर लगेच साबण आणि नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं धुवायचं. मिरची, चुना लावायचा नाही, पट्टी बांधायची नाही, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जायचं. रेबीजची लस दंडात दिली तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८. दात आत गेला असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आवर्जून विचारा. कुत्रं पिल्लू होतं किंवा त्याला पट्टा होता, यावर सूट घेऊ नका.

रक्त-लाळेची चादर हातमोजे घालून डिटर्जंटच्या पाण्यात तासभर बुडवा आणि कडक उन्हात वाळवा. रेबीजचा विषाणू साबणाने आणि सुकण्याने मरतो, त्यामुळे चादर फेकायची गरज नाही.